काकांची झोपेची परीक्षा

बाबा, तुला हे लिहितेय कारण दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. आईला सांगितलं तर ती दोन दिवस धड जेवणार नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणेल, एवढा मनस्ताप होतोय तर सोड नोकरी. आणि ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते काका आज दुपारी माझ्यासमोरचा चहा तसाच ठेवून निघून गेले. काका म्हणजे तुझे जोडीदार. एकाच ट्रान्सपोर्टला लागलात, एकाच गाडीवर वर्षानुवर्षं आलटूनपालटून स्टेअरिंग धरलंत, आणि माझ्या लग्नात तू जिथे उभा राहायचास तिथे ते उभे राहिले. तू गेलास तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आता माझी मुलगी दहावीला आहे. एवढ्या वर्षांत सगळं बदललं, काका तेवढे गाडीवर राहिले. आजपर्यंत राहिले. उद्यापासून ते गाडीवर नाहीत, आणि तसं कागदावर मी लिहिलंय, माझ्या हातानं. बरोबर लिहिलं की चूक, मला अजून कळत नाहीये. सकाळपासून डोकं नुसतं गरगरतंय, म्हणून तुला पहिल्यापासून सांगते. सांगता सांगता मलाच काही उमगलं तर बरं.

मी भिवंडीजवळ पूर्ण्याला एका गोडाऊनमध्ये कामाला आहे. तू पाहिलेलं पूर्णा आता तिथे नाही, सगळीकडे पत्र्याच्या लांबच लांब शेड आणि त्यांच्यापुढे रांगेत गाड्या. माझं टेबल गेटच्या आत. आलेल्या ड्रायव्हरचं लायसन बघायचं, गाडीचे कागद बघायचे, त्याला दारूच्या मशीनच्या नळीत फुंकायला लावायचं, आणि सगळं ठीक असेल तर गाडी आत सोडायची. ड्रायव्हरची पोर म्हणून हे काम मला मिळालं नाही, पण ड्रायव्हरची पोर असल्यामुळे ते टिकलं. त्यांची भाषा मला कळते आणि त्यांच्या थापाही कळतात. तर दिवाळीनंतर एक नवा नियम आला. आम्ही जिचा माल वाहतो ती मोठी पार्टी बाहेरच्या देशातली. तिचं म्हणणं असं की त्यांच्या मालाच्या गाडीवर जो बसेल त्याच्या झोपेची तपासणी झालेली हवी. झोपेत श्वास अडकण्याचा एक आजार असतो. माणूस रात्रभर झोपतो तरी त्याची झोप होत नाही, आणि मग दिवसा कुठेही, बोलता बोलता, स्टेअरिंगवर, डोळा लागतो. त्यासाठी आधी प्रश्नांचा एक कागद भरून घ्यायचा, घोरता का, टीव्ही बघताना झोप येते का, बीपी आहे का, आणि मग गळ्याचं माप घ्यायचं. हो, गळ्याचं. ज्याचा गळा जाड त्याचा श्वास जास्त अडकतो म्हणे. मी टेप घेऊन एकेकाच्या गळ्याला लावत होते आणि ते मान वर करून विचारत होते, "मॅडम, शर्ट शिवताय का?" पहिल्या आठवड्यात जेवढे कागद भरले त्या सगळ्यांवर घोरता का याचं उत्तर 'नाही'. अख्ख्या भिवंडीत एकही ड्रायव्हर घोरत नाही, बाबा, असं माझ्या फायलीत नोंदलेलं आहे.

मी साहेबांना विचारलं, हा कायदा आहे का? ते म्हणाले, "तिकडे आहे." तिकडे म्हणजे कुठे, ते त्यांनाही नीट सांगता येईना. आरटीओच्या फॉर्मवर मिरगी विचारतात, चक्कर विचारतात, डोळे तपासतात. झोपेचं मला तरी त्यात कुठे दिसलं नाही. दर गुरुवारी आमच्याकडे एक डॉक्टर येतात, त्यांना विचारलं तर ते म्हणाले, तिकडेही सरसकट सगळ्यांना नाही, तपासणारा डॉक्टर ठरवतो कुणाला पाठवायचं ते. मग आपल्याकडे कोण ठरवणार? तर पार्टीचा कागद आणि माझी टेप. तूच सांग, कायदा नाही म्हणावं तर नियम आहे, नियम आहे म्हणावं तर तो कुणाचा ते माहीत नाही, आणि त्यावर माणसाची गाडी जायची. मी महिनाभर सगळ्यांशी भांडत होते यावरून. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "कायदा नसला तरी आजार तर आहेच ना." त्यावर माझा रागच वाढला, तुला माझा स्वभाव माहीत आहे.

तुझी झोप मला दिवसाचीच आठवते. सकाळी फेरीवरून यायचास, आंघोळ, जेवण, आणि मग नारपोलीच्या त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून आडवा. भिंतीपलीकडे कापड विणायच्या लूमचा कारखाना. पाहुणे आले तर एकमेकांचं बोलणं ऐकू जायचं नाही, तू मात्र त्या खटखटीत गाढ झोपायचास. लाइट गेली की सगळे लूम एकदम थांबायचे आणि तू ताडकन उठून बसायचास, "काय झाला?" आम्ही पोटं धरून हसायचो. जेवताना घास हातात आणि मान खाली जायची. आई म्हणायची, "अहो, आमटीत पडाल." आत्याच्या घरी साखरपुड्याला फोटो काढताना सगळे हसतायत आणि तू उभ्या उभ्या झोपलायस, तो फोटो अजून आहे. एकदा आत्या आणि तिचा नवरा घरी बसलेले असताना मी सगळ्यांसमोर म्हणाले, आमचा बाबा झोपाळू हाय. आठ वर्षांची असेन. तू उठलास, माझा हात धरून मला बाहेर नळापाशी घेऊन गेलास आणि उकिडवा बसलास. मला वाटलं आता बसणार पाठीत. तू म्हणालास, "पोरी, ड्रायव्हरला काय पन बोल, झोपाळू बोलू नको. ह्यो शब्द मालकाच्या कानाव गेला ना, तर मना कोन गाडी देनार न्हाय." तू मारलं असतंस तर मी विसरून गेले असते. तुझ्या आवाजात भीती होती, ती मी पहिल्यांदा ऐकली.

तुमच्यात जागण्याचीच फुशारकी होती ना. धामणकर नाक्याच्या हॉटेलात तुम्ही ड्रायव्हर बसलेले असलात की कोण किती जागला तेच चालायचं. कुणी ओला टॉवेल मानेवर टाकून इंदोर गाठलं, कुणी हिरव्या मिरच्या चावत. काका तर सांगायचे की झोप आली की ते स्वतःच्या सासऱ्याला मोठ्यानं शिव्या देतात. जागा राहील तो मर्द, झोपला तो कामातून गेला. हे आठवतंय म्हणून काकांनी जे केलं त्यावर मला पुढे हसायला आलं.

काकांचा गळा टेपमध्ये जास्त भरला. बीपीची गोळी चालू. प्रश्नांच्या कागदावर सगळीकडे 'नाही' लिहिलेलं, पण तो कागद माझ्यासमोर भरता भरताच त्यांची पापणी दोनदा मिटली. मी त्यांचं नाव तपासणीला पाठवलं. ते घरी न्यायचं मशीन असतं, बाबा. छातीला पट्टा, नाकाखाली बारीक नळी, बोटाला चिमटा, मनगटावर डबी. रात्री लावून झोपायचं आणि सकाळी आणून द्यायचं. काकांनी दुसऱ्या दिवशी मशीन आणून दिलं, पिशवीत घालून, वर काकूनं बांधून दिलेली भाकरी. डोळे लाल. दोन दिवसांनी लॅबवाल्याचा फोन आला की पेशंट झोपलाच नाही, काहीच मिळालं नाही. मी काकांना बोलावलं. ते एवढे खूश होते की काय सांगू.

"रातभर खुर्चीव बसलो व्हतो," ते म्हणाले. "डोल्याला डोला लागू दिला न्हाय. एकदा बी घोरलो न्हाय, तुझ्या काकीला इचार. झालो ना पास?"

मी म्हटलं, "काका, झोपायचं होतं. झोपेची परीक्षा होती."

"तेच तर. झोपेच्या परीक्षेत झोपला तर नापासच करनार ना?"

कसं समजवायचं सांग? अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यभर ज्याला जागं राहिल्याबद्दल शाबासकी मिळाली, त्याला मी सांगतेय की झोपून दाखवा. बरं, मलाच त्या क्षणी वाटलं की त्यांचंच बरोबर आहे. जो माणूस ठरवून रात्रभर जागा राहू शकतो त्याला गाडी द्यायची की नाही द्यायची? मी लॅबवाल्याला हे विचारलंसुद्धा. तो म्हणाला, मॅडम, रिपोर्टमध्ये तसा रकाना नाही.

मग शनिवारी ते झालं. भर दुपारी बाराला काका गाडी मागे घेऊन डॉकला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला, लावत होते. मागे घेता घेता गाडी थांबायला हवी होती तिथे थांबली नाही, हळूच जाऊन डॉकवर आदळली. डॉकचं रबर फाटलं, गाडीचा मागचा दिवा गेला. गाडी आणि डॉकच्या मध्ये त्या वेळी माणूस नव्हता. दोन मिनिटांपूर्वी होता. सुपरवायझर धावत केबिनपाशी गेला तर काका स्टेअरिंगवर हात ठेवून बसलेले, डोळे मिटलेले, त्याच्या हाकेनं जागे झाले. तो तणतणत माझ्याकडे आला, "मॅडम, चाचा पिया हुआ है. लिखो." फुंकायचं मशीन त्या दिवशी बिघडलेलं, दुरुस्तीला गेलेलं. त्यामुळे प्यायले होते की नव्हते याचा कागद कुठेच नाही. मी त्याला म्हटलं, कारण मी चौकशी करून लिहीन. आमच्याकडे असं काही आदळलं की एक फॉर्म भरायचा असतो, त्यात कारणाच्या चौकटी असतात, दारू, फोन, ब्रेक, आजार, आणि एकीवर खूण करून खाली सही. तो फॉर्म आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

सोमवारी मी काकांना परत मशीन लावायला लावलं, पण दिवसा, आमच्याच इथे. डॉक्टर म्हणाले, हा माणूस वर्षानुवर्षं दिवसा झोपतोय तर दिवसाच बघू. ड्रायव्हरांसाठी मागे एक खोली आहे, चार खाटा, एक पंखा. लॅबवाल्यानं पट्टे बांधले आणि तो बाहेर फोनवर बोलत बसला. मी काकांना सांगितलं, "काका, माझी शपथ आहे, जागायचं नाही." ते आडवे झाले आणि दोन मिनिटांत झोपी गेले. मी दारात खुर्ची टाकून रजिस्टर लिहीत बसले. घोरणं सुरू झालं, वाढत गेलं, आणि एकदम थांबलं. काहीच नाही. माझं पेन थांबलं. आणि मी मनात मोजायला लागले, बाबा. एक, दोन, तीन, चार. कुणी सांगितलं नव्हतं. बावीसला एक मोठा आचका आला, आणि घोरणं परत सुरू.

आणि मग मला आठवलं की हे मी कुठे शिकले. तू दुपारी झोपलेला असायचास, मी आणि दादा तुझ्या पायाशी बसायचो. लूमच्या खटखटीत तुझं घोरणं ऐकायला कान जवळ न्यावा लागायचा. ते थांबलं की आम्ही मोजायचो. तू आचका देऊन परत सुरू झालास की ज्यानं आकडा बरोबर ओळखला असेल तो जिंकला. चिंचोके लावायचो त्यावर. दादा नेहमी कमी आकडा सांगायचा आणि मी जास्त, आणि जास्त करून मीच जिंकायचे. खूप आनंद व्हायचा मला. तुझा श्वास जितका लांब थांबेल तितके माझे चिंचोके. आई ओरडायची, झोपू द्या रे माणसाला. त्या खाटेवर काका श्वास अडकून पडलेले आणि मी दारात रजिस्टर मांडीवर घेऊन रडत होते. लॅबवाला आत डोकावून म्हणाला, "मॅडम, काय झालं?" मी म्हटलं, डोळ्यांत काहीतरी गेलं.

रिपोर्ट आज सकाळी आला. तीव्र, असं लिहिलंय. आज गुरुवार, डॉक्टर होते. मी त्यांना विचारलं की हा आजार पूर्वीही होता का. ते हसले, म्हणाले, आजार पूर्वीही होता, मशीन नव्हतं. मी विचारलं, समजा एखादा ड्रायव्हर, सकाळी दहाची वेळ, सरळ रस्ता, समोर गाडी नाही, गुरं नाहीत, आणि गाडी सावकाश डावीकडे जाऊन नाल्यात उतरली, ब्रेक मारल्याची खूणही नाही, तर? ते म्हणाले, "तर मी आधी त्याच्या झोपेबद्दल विचारीन." मी फाईल उचलली आणि टेबलावर येऊन बसले. शहापूरच्या पुढे तू जसा गेलास ते तसंच होतं ना. पोलीस म्हणाले होते, ड्रायव्हरला डुलकी लागली. आई त्यांच्या अंगावर धावून गेली होती. त्या फेरीला काका सुटीवर होते, ते चौकीत आले आणि त्यांनी सांगितलं की गाडीचा ब्रेक आधीपासून कच्चा होता, आम्ही मालकाला बोललोसुद्धा होतो. तेव्हापासून आपल्या घरात ब्रेक फेल. तुझ्या वर्षश्राद्धाला, माझ्या लग्नात, पोरीला गोष्ट सांगताना, ब्रेक फेल. मी कधी शंका घेतली नाही, म्हणजे मोठ्यानं घेतली नाही.

दुपारी काकांना बोलावून रिपोर्ट सांगितला. आता गाडी बंद, उपचार करायचे, झोपताना तोंडावर मास्क लावायचा, त्याचं मशीन लागतं, ते रोज वापरताय हे दिसलं की मग परत विचार होईल. ते ऐकत होते. मग म्हणाले, "केबिनमधी प्लग कुठं हाय?" मी म्हटलं, करू काहीतरी. ते म्हणाले, "परत इचार व्हनार न्हाय, पोरी. तुला बी ठाव हाय. एकदा यादीतना नाव गेला का दुसरा चढतो." खरं होतं ते. त्यांच्या वयाचा माणूस यादीतून उतरून परत चढलेला मी बघितलेला नाही. मुलगा वेगळा राहतो, काकूचे गुडघे गेलेत, आणि त्या सगळ्यापेक्षा, गाडी नसलेले काका म्हणजे कोण हे त्यांनाच माहीत नाही.

मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळू आवाजात म्हणाले, "दारू लिही."

मला कळलंच नाही. काका आयुष्यात कधी प्यायले नाहीत. हळदीला सगळा मांडव झिंगलेला असताना हे कोपऱ्यात थम्सअप घेऊन बसणार.

"शनवारच्या त्या कागदाव दारू लिही," ते म्हणाले. "पयल्या टायमाला पंधरा दिवस घरी बसवतात, सायब शिव्या देल, आनि मी परत गाडीव. ह्यो रिपोर्ट फाड. मशीन दुसऱ्यांदा पन चालला न्हाय, सांग."

"काका, लोक काय म्हणतील? काकू काय म्हणेल?"

"दारू प्याला म्हनतील. प्यालेला उतरतो, पोरी. ह्या आजाराचा मानूस कवा उतरनार?"

मी म्हटलं, "मला असं खोटं लिहिता येणार नाही." खरं तर माझा हात पेनकडे गेलाच होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागानं नाही, थकून बघितल्यासारखं. म्हणाले, "तुझ्या बापाच्या टायमाला मी ब्रेक सांगतला का न्हाय? ब्रेक चांगला व्हता गाडीचा. आठ दिवस आधी मीच नवीन लायनर टाकून आनले व्हते. आमच्यात मेलेल्या ड्रायव्हरच्या नावाव कोनी झोप लिहू देत न्हाय. मी त्याच्यासाठी बोललो. मी तर अजून जिता हाय."

बाबा, एवढी वर्षं मी तुझ्या फोटोला हार घालताना त्या मालकाला शिव्या घातल्या. नवीन लायनर होते. बिचाऱ्या मालकानं वर्षभर चौकीचे हेलपाटे घातले. काका खोटं बोलले म्हणून रागवू, की तुझ्या नावाला जपलं म्हणून त्यांच्या पाया पडू? दोन्ही एकदम वाटत होतं आणि ते समोर बसले होते, उत्तर मागत. देणं फेड असं ते म्हणाले नाहीत, तसा तो माणूस नाही. पण मी तुझी मुलगी आहे आणि त्यांच्या शब्दावर आपलं घर ताठ मानेनं राहिलं, हे मला म्हणायची गरज नव्हती. मी चहा मागवला. चहा आला. मी फॉर्म ओढला आणि 'आजार' या चौकटीत खूण केली, खाली रिपोर्ट जोडला, सही केली. ते बघत होते. वाचता येतं त्यांना. चाव्या टेबलावर ठेवल्या, आणि मी "काका, चहा" म्हटलं तेव्हा ते दारापर्यंत गेलेले होते.

आता तुला वाटेल, पोरगी मोठी खरी निघाली, तत्त्वाची निघाली. सुपरवायझरही म्हणाला, "अच्छा किया मॅडम, कल कोई मर जाता." कुणीतरी मेलं असतं, हे खरंच आहे. डॉकपाशी असलेला तो माणूस दोन मिनिटं उशिरा हलला असता तर मेलाच असता, आणि काका कसाऱ्याच्या घाटात गेले असते तर स्वतःही. हे सगळं मला कळतं. पण खूण करताना माझ्या मनात यातलं काही नव्हतं. आणि काका घरी जाऊन काकूला काय सांगतील, उद्या सकाळी उठून काय करतील, तेही नव्हतं. म्हणून तर मला कळत नाहीये की मी बरोबर केलं का. बरोबर गोष्ट भलत्याच कारणासाठी केली तर ती बरोबर राहते का? हे कुणाला विचारणार? आईला तर लायनरचं कळताच कामा नये. तुला लिहिलेले हे कागद घडी करून डब्याच्या पिशवीत ठेवते आणि उद्या गोडाऊनच्या कचऱ्यात पुठ्ठ्यांबरोबर जाऊ देते. त्या खुणेचं कारण तेवढं सांगते.

मी नववीत होते. पालकांची सभा होती आणि आईला ताप होता म्हणून तू आलास, फेरीवरून थेट, खाकी शर्टावर तेलाचे डाग. बाई माझ्या गणिताबद्दल सांगत होत्या आणि तू त्यांच्या समोरच्या बाकावर बसल्या बसल्या झोपलास. मान खाली, तोंड उघडं. सगळे पालक बघत होते. मी तुला हलवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी मला एकटीला थांबवलं आणि अगदी मायेनं विचारलं, "वडील घेतात का गं?" तुझ्या तोंडाला कधी वास आला नव्हता हे मला चांगलं ठाऊक होतं. पण 'घेतात' म्हटलं की कुणाला काही समजवावं लागत नाही. अशी घरं वर्गात खूप होती. मी हो म्हटलं. बाईंचे डोळे भरले. आठवड्यानं त्यांनी मला नवीन कंपासपेटी दिली, स्वतःहून आणलेली, आणि मी ती घेतली. ती तुला दिसली आणि तू म्हणालास, पोरीला एवढं सामान दिलं, बाईंना हात जोडून येतो. मी नको नको म्हणाले, तू ऐकलं नाहीस. मी तुझ्या मागून शाळेत आले.

बाई तुला खूप बोलल्या. एवढी हुशार मुलगी आहे, तिच्याकडे बघून तरी पिणं सोडा. तू उभा होतास. तू एकदा मान वर केलीस, मला वाटलं आता सांगशील, मी थेंबाला शिवत नाही, कुणी सांगितलं तुम्हाला. पण तू दोन्ही हात जोडून म्हणालास, "सोडतो, बाई." संध्याकाळी घरी आल्यावर आईला म्हणालास, हिच्या बाई लई चांगल्या हायेत. मला काही विचारलं नाहीस. तेव्हाही नाही आणि नंतर कधीच नाही. मी तुझ्या मागून आले होते हे तुला माहीतच नाही, असं धरून मी आजवर वागत आले. मी तेव्हा दाराबाहेरच उभी होते, बाबा, आणि मी आत आले नाही.